फितींवरील दप्तर आणि कालबाह्य सूचि

दप्तराचा ठाव लागणें आणि त्यांतील कागद हातीं येणें या दोन भिन्न गोष्टी होत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. रुमाल सांपडला, परंतु त्याची याद गहाळ असली, तर गांठ सोडून एक एक बंद वाचण्यावांचून गत्यंतर नसतें. गेल्या कांहीं दशकांत राज्यकारभाराचा पत्रव्यवहार कागद सोडून ईमेलवर गेला आणि त्याची जुनी प्रत पुष्कळ ठिकाणीं केवळ चुंबकीय फितींवर उरली. या फितींच्या बाबतींत तोच प्रसंग कसा येतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. उदाहरण अमेरिकेचें घेतलें आहे. कारण अशा फितींना ऐतिहासिक साधनाची योग्यता आहे कीं नाहीं, हा वाद तेथें न्यायालयांत पुरतेपणीं लढला गेला.

इराणला गुप्तपणें शस्त्रें विकून त्यांतील पैसा निकाराग्वांतील काँट्रा बंडखोरांकडे वळविल्याचें प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्यें उघडकीस आलें. अध्यक्ष रेगन यांच्या राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या कचेरींत त्या वेळीं आय्. बी. एम्. कंपनीची ‘प्रॉफ्स’ नांवाची संदेशपद्धति चालू होती. प्रकरण अंगावर येतांच सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनीं आपापले संदेश पुसण्याचा सपाटा लावला. २२ ते २९ नोव्हेंबर या आठवड्यांत पॉइंडेक्स्टर यांच्या ५,०६२ संदेशांपैकीं ५,०१२ व नॉर्थ यांच्या ७५८ पैकीं ७३६ नाहींसे झाले. दोघांचीही समजूत अशी दिसते कीं, पडद्यावरून गेलें तें जगांतून गेलें. परंतु यंत्र बिघडल्यास काम अडूं नये म्हणून संपूर्ण सांठ्याची प्रत ठराविक काळानें फितीवर उतरवून ठेवण्याची वहिवाट होती. चौकशीस बसलेल्या टॉवर आयोगास पुसलेला मजकूर मिळाला तो या प्रतींवरून. फिती इतिहासासाठीं केलेल्या नव्हत्या, हें येथें ध्यानांत ठेवावें. त्यांचा हेतु केवळ आपत्तिनिवारणाचा होता.

त्यामुळेंच राजवट बदलतांना त्या पुसून टाकण्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. १९ जानेवारी १९८९ हा रेगन यांच्या कारकीर्दीचा अखेरचा पूर्ण दिवस. त्याच दिवशीं पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग व ‘नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह’ ही खाजगी संशोधनसंस्था यांनीं दावा दाखल केला आणि न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनीं सायंकाळीं फितींना हात लावण्यास तात्पुरती मनाई केली. एक रात्र उशीर होता तर पुढचा सारा इतिहास लिहावयाचें कारणच उरलें नसतें.

सरकारपक्षाचें म्हणणें असें होतें कीं, महत्त्वाचे संदेश कागदावर छापून दप्तरीं लावले म्हणजे काम झालें. फिती ठेवण्याचें प्रयोजन नाहीं. हें म्हणणें वरवर सयुक्तिक वाटतें. पण आमच्या वाचकांनीं क्षणभर जुन्या पत्राची पाठ आठवून पाहावी. एखाद्या नकलकारानें पत्रांतील मजकूर तंतोतंत उतरला, परंतु लिफाफ्यावरील नांव, शिक्का आणि पाठीवरील पैवस्तीची तारीख गाळली, तर त्या नकलेस अस्सलाची किंमत कोण देईल? पत्र केव्हां लिहिलें यापेक्षां तें केव्हां पोंचलें, यावर कित्येक वाद उभे असतात. छापील संदेशांत नेमकी हीच उणीव होती. तो कोणाकोणास गेला, त्यांनीं तो उघडला कीं नाहीं व केव्हां, आणि यादीच्या सांकेतिक नांवामागें कोणत्या व्यक्ति होत्या, ही माहिती यंत्रांत होती. कागदावर ती सर्व उतरतच नव्हती. न्यायाधीश चार्ल्स रिची यांनीं जानेवारी १९९३ मध्यें सरकारविरुद्ध निकाल दिला व १३ ऑगस्ट १९९३ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें तो मुख्यतः याच मुद्द्यावर कायम केला. अस्सल व नक्कल यांमधील हा विवेक आमच्या मतें कोणत्याही संशोधनमंडळास शोभण्यासारखा आहे.

आतां सूचीचा प्रश्न. अलीकडील पद्धतींत फितीवर काय आहे, याची नोंद फितीबाहेर, बॅकअप घेणाऱ्या यंत्राच्या सूचींत असते. प्रत्येक प्रतीस मुदत ठरलेली असते. ती संपली कीं सूचींतील नोंद गळते आणि फीत कोरी समजली जाते. फितीवरील मजकूर मात्र जागच्या जागीं असतो! जोंवर तिच्यावर नवें कांहीं लिहिलें नाहीं, तोंवर तो वाचतां येतो. उलट, आरंभीं चार ओळी जरी नव्यानें लिहिल्या गेल्या, तरी त्यांच्यापुढें ‘येथें मजकूर संपला’ अशी खूण पडते, व पलीकडचा सारा भाग असूनही वाचक-यंत्र तेथवर जाण्यास नकार देतें. म्हणून जाणता मनुष्य अशी फीत हातीं येतांच प्रथम तिची लेखनबंदीची खीळ सरकवितो, मग बाकीचें.

पुढील काम रुमाल सोडण्यासारखेंच आहे. फीत आरंभापासून फिरवून आधीं तीवर कोणकोणत्या प्रती आहेत तें पाहावयाचें. नंतर दुसऱ्या फेरींत प्रत्येक प्रतींतील नांवें वाचून सूचि नव्यानें बांधावयाची. वेळ वांचविण्यासाठीं अनेक यंत्रांचा मजकूर एकाच फितीवर आळीपाळीनें विणलेला असतो, तो उकलावा लागतो. एक प्रत तीन फितींवर पसरली असेल आणि मधली फीत नसेल, तर सगळेंच अडतें. हें साधल्यावरही हातीं येतो तो पत्रसंग्रहाचा अखंड गठ्ठा. तो उघडण्यास त्याच जातीचा, बहुधा त्याच आवृत्तीचा टपाल-सर्व्हर पुन्हां उभा करावा लागतो. मजकूर सांकेतिक असल्यास किल्ली हवी, आणि वाचक-यंत्र तर हवेंच. एल्. टी. ओ. जातीच्या फिती २००० सालीं निघाल्या. सातव्या पिढीपर्यंतचीं यंत्रें मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचीत. २०१७ च्या आठव्या पिढीचीं यंत्रें एकच मागची पिढी वाचूं लागलीं. मोडीचे जाणकार विरळ होत गेले, त्याहून हें कितीतरी वेगानें घडतें.

सूचि चुकल्यानें काय होतें याचा दाखलाही व्हाइट हाउसमध्येंच मिळतो. धाकटे बुश यांच्या कारकीर्दींतील, विशेषतः २००३ ते २००५ मधील, असंख्य ईमेल गहाळ असल्याचा बोभाटा झाला. ऑक्टोबर २००३ पर्यंत फिती पुसून पुन्हां वापरल्या जात होत्या, हें सरकारनें २००८ मध्यें कबूल केलें. डिसेंबर २००९ मध्यें तडजोड झाली. तेव्हां निवडक ९४ दिवसांचे संदेश फितींवरून परत काढण्याचें ठरलें. त्याच सुमारास असेंही जाहीर झालें कीं, सुमारें २ कोटि २० लक्ष संदेश हरवलेले नव्हतेच, त्यांच्या नोंदी चुकीच्या नांवांखालीं पडल्या होत्या.

प्रॉफ्सच्या फितींवरील निवडक संदेश नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्हचे टॉम ब्लँटन यांनीं १९९५ मध्यें संपादून प्रसिद्ध केले. मूळ फिती त्यापूर्वींच, जानेवारी १९९३ मध्यें बुश पहिले यांनीं सत्ता सोडतांना, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यांत गेल्या होत्या.