शिरपेच आणि शिरपाव

चकलांब्याच्या एका लग्नमांडवात फेटे बांधणे सुरू होते. कोणाला फेटा आणि कोणाला नुसती टॉवेल-टोपी, यावरून एक वडीलधारे पाहुणे न जेवताच उठले. पुढे वर्गात आम्ही विचारले, 'शिरपेच म्हणजे काय?' बहुतेकांचे उत्तर आले, 'पगडी'. 'शिरपेचात मानाचा तुरा' ही वृत्तपत्री ओळ सर्वांना पाठ. वस्तू मात्र कोणी पाहिलेली नाही.

शिरपेच म्हणजे पगडी नव्हे, तर पगडीवर कपाळाच्या बाजूस बांधावयाचा रत्नजडित दागिना. मूळ फारसी शब्द 'सरपेच'. 'पेच' म्हणजे वळसा, पीळ. पतंगाचा पेच आणि कुस्तीतला डावपेच त्याच घरचे. 'सर'चे मराठीने 'शिर' केले, आणि त्यात वावगे काहीच नाही, कारण फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' मुळातच सगोत्र. 'सर-ओ-पा', म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख, याचा 'शिरपाव' झाला तोही असाच. शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी हे दोन शब्द टिकले. आमच्या मते ते परके वाटेनासे झाले होते, म्हणूनच.

मात्र या दोन्ही शब्दांत एक देणारा दडलेला आहे, हे विसरून चालणार नाही. मोगल दरबारी असा मान बादशहाकडून मिळे, आणि तो अंगावर घेणे म्हणजे त्याची चाकरी मान्य करणे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात इतरांना शिरपाव मिळाले, शिवाजी महाराजांना नाही. अपमानाने ते संतापले. मागाहून शिरपाव देऊ केला तेव्हा त्यांनी तो घेण्याचे साफ नाकारले. त्या नकाराचा अर्थ भर दरबारात सर्वांना कळला असणार.

आमच्याच गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांशी लढताना निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. निजामाने त्याला 'राजा प्रतापवंत' हा किताब दिलेला होता. मराठी माणूस, गोदेचा काठ, आणि मान हैदराबादचा!

आजच्या वाक्यात हा देणारा उरलेला नाही. 'महाविद्यालयाने शिरपेचात तुरा रोवला' असे आपण लिहितो; म्हणजे शिरपेचही स्वतःचा आणि तुराही स्वतःच्याच हाताने रोवलेला. चकलांब्याच्या मांडवात मात्र फेटा अजून यजमानच बांधतो. त्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी घरी जाऊन फेटा बांधावा लागला, म्हणे.