शेणोली रेल्वे हल्ला

शेणोली रेल्वे हल्ला : (७ जून १९४३). साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पुणे–मिरज लोहमार्गावर शेणोली (ता. कराड, जि. सातारा) येथे ब्रिटिश सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम नेणाऱ्या गाडीवर घातलेला छापा. कुंडल (ता. पलूस, जि. सांगली) येथील जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र श्रीपती लाड हे या कारवाईचे सेनानी होते.

पार्श्वभूमी : ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव होताच काँग्रेसचे प्रमुख पुढारी तुरुंगात गेले. त्यावेळच्या अखंड सातारा जिल्ह्यात लोकांनी सरकारी कचेऱ्यांवर मोर्चे नेले. ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा यशस्वी झाला. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मात्र पोलिसांनी गोळीबार केला. वडूजला परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंता उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांनी प्राण गमावले. नि:शस्त्र जमावाने बंदुकीपुढे जायचे आणि माणसे गमवायची, हा मार्ग पुढे चालणार नाही, हे कार्यकर्त्यांनी ओळखले. ते भूमिगत झाले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालले. गावोगावी न्यायनिवाडे, धान्यवाटप, दारूबंदी आणि कमी खर्चाचे गांधी विवाह ही त्याची कामे होती. या कारभाराला संरक्षण देणारे दल म्हणजे तुफान सेना.

कुंडलचे स्थान : कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. संस्थानची हद्द सलग नव्हती. औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ असे तिचे तुकडे ब्रिटिश मुलखात विखुरलेले होते. ब्रिटिश पोलिसांचा हुकूम या गावांत सरळ चालत नसे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना देऊन गावपंचायतींकडे अधिकार सोपवले होते. त्यामुळे भूमिगतांना येथे आसरा मिळाला, आणि आपला कारभार आपण करण्याची कल्पनाही गावकऱ्यांना नवी राहिली नव्हती. जवळच लोहमार्ग व किर्लोस्करवाडीची कामगार वस्ती होती. या सगळ्यामुळे कुंडल हे प्रतिसरकारचे व तुफान सेनेचे प्रमुख ठाणे बनले. त्याला प्रतिसरकारची राजधानी म्हटले जाते.

कारवाई : शेणोली स्थानक कराड आणि किर्लोस्करवाडी यांच्या दरम्यान आहे. कुंडल गटाच्या सैनिकांनी रुळांवर मोठे दगड रचून गाडी थांबवली. गाडी थांबताच शेवटच्या डब्यामागेही दगड टाकले गेले, त्यामुळे तिला मागे हटता येईना. सैनिकांजवळ विळे, लाठ्या आणि मोजके गावठी बॉम्ब होते. पहारेकऱ्याकडे बंदूक असताना एवढ्या साधनांवर गाडी ताब्यात घेण्यात आली, ती नीट आखणी आणि एकमेकांवरचा विश्वास यांच्या जोरावर. मिळालेली रक्कम भुकेल्या शेतकरी-मजुरांसाठी व चळवळीसाठी वापरण्यात आली. सरकारी दप्तराने याला दरोडा म्हटले. कॅप्टन रामचंद्र लाड यांनी हा शब्द अखेरपर्यंत नाकारला : इंग्रजांनी जनतेकडून लुटलेला पैसा जनतेकडे परत आणला, अशी त्यांची भूमिका होती. प्रतिसरकार आपल्या गावांत कारभार करत होते आणि लोकांना उत्तरदायी होते, हे लक्षात घेतले तर ही भूमिका न्याय्य ठरते.

सेनानी : गणपती दादा ऊर्फ जी. डी. बापू लाड (१९२२–२०११) हे तुफान सेनेचे फील्ड मार्शल. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाणे येथे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला, त्याचेही नेतृत्व त्यांनी केले. नागनाथअण्णा नायकवडी त्यांच्यासोबत होते. स्वातंत्र्यानंतर बापू शेतकरी कामगार पक्षात गेले आणि शेतकऱ्यांच्या लढ्यांत राहिले. कुंडलच्या सहकारी साखर कारखान्याला त्यांचे नाव आहे. रामचंद्र श्रीपती लाड यांना सारा परिसर ‘कॅप्टन भाऊ’ म्हणत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये, शंभरीला पोचत असताना त्यांचे निधन झाले. भूमिगतांना भाकरी पुरवणाऱ्या, निरोप व हत्यारे पोचवणाऱ्या स्त्रियाही या फौजेचा कणा होत्या. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील (१९२६–२०२१) यांनी तर प्रत्यक्ष कारवायांत भाग घेतला.

स्मृती : शेणोलीला लोहमार्गालगत स्मारक असून ७ जूनला या घटनेचे स्मरण केले जाते. पत्रकार पी. साईनाथ यांनी कॅप्टन भाऊ व हौसाताई यांच्या मुलाखती घेतल्या आणि ‘द लास्ट हीरोज’ (२०२२) या इंग्रजी पुस्तकात त्यांना स्थान दिले. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरील वाचकांनाही तुफान सेनेची ओळख झाली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याची विभागणी झाली व दक्षिण भागाला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. घटनास्थळ साताऱ्यात आणि सेनानींचे गाव सांगलीत, अशी आजची स्थिती आहे. म्हणून शेणोलीचा अभ्यास दोन्ही जिल्ह्यांच्या इतिहासात एकत्रच व्हायला हवा. अभ्यासताना छाप्याच्या थरारापाशी थांबू नये. तो पैसा कोणाच्या हाती गेला आणि त्याचा हिशेब कोणापुढे द्यावा लागला, हे विचारले की शेतकऱ्यांच्या या सेनेचे वेगळेपण कळते.