दौलतजादा आणि फर्माईश

तमाशाच्या बोर्डावर दौलतजादा करणाऱ्याला फर्माईशीचा हक्क मिळतो. नोट पुढे येते, नाव पुकारले जाते आणि पुढचे गाणे त्याच्या मर्जीचे होते. हे व्याकरण आपल्या आयाबहिणींनी पायांत चाळ बांधून शिकलेले आहे. त्यामुळे फाउंडेशन, अनुदान, प्रायोजक असे गुळगुळीत शब्द कानांवर आले की मी आधी एवढेच विचारतो, फर्माईश कोणाची आहे?

अमेरिकेतील काळ्या लेखक-कलावंतांचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्यांच्या साहित्याशी आपण नाते सांगितले. पण ते साहित्य कोणाच्या पैशावर उभे राहिले, याचा शोध फारसा घेतला नाही.

१९२७ च्या डिसेंबरात झोरा नील हर्स्टन या तरुण लेखिकेने न्यूयॉर्कच्या शार्लट ऑसगूड मेसन या धनाढ्य गोऱ्या बाईंशी करार केला. महिना दोनशे डॉलर आणि फिरायला मोटार. मोबदल्यात हर्स्टनने दक्षिणेत हिंडून आपल्या लोकांच्या कथा, गाणी, समजुती गोळा करायच्या. पण गोळा केलेले सारे मेसनबाईंच्या मालकीचे! त्यांच्या परवानगीवाचून एक ओळही छापायची नाही. ज्या ओसरीवर हर्स्टन लहानपणी गोष्टी ऐकत वाढली, त्या ओसरीचाच सातबारा परक्या नावावर चढला. मेसनबाईंना ‘गॉडमदर’ म्हणवून घेणे आवडे. लँगस्टन ह्यूजलाही त्या महिना दीडशे डॉलर देत. त्यांना हवा होता आदिम, रानवट, ढोलाच्या तालावर जगणारा काळा माणूस. ह्यूज वाढला होता कॅन्ससमध्ये, अमेरिकेच्या शहरांत. १९३० मध्ये संबंध तुटला. तुटताना तो आजारी पडला, हे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. मिंधेपण अंगातून सहजासहजी निघत नाही.

हे परदेशातले म्हणून बाजूला ठेवता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या प्रतिष्ठानाचे लोक आमच्या महाविद्यालयात आले. लोककला महोत्सवाला ते पैसे देणार होते. आमच्या एका विद्यार्थिनीने पाणवठ्यावरचे गीत बसवले होते. तिच्या आजीला विहिरीवरून हाकलले होते, त्याचे. पाहुणे म्हणाले, छान आहे, पण जरा आनंदी, रंगीत काही नाही का? तिला गाणे बदलायला पाहुण्यांनी सांगितले नाही. मी सांगितले. घरातला पहिला पदवीधर, शिष्यवृत्तीच्या अर्जापायी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवून शिकलेला मी. देणाऱ्याच्या मनातले बोलण्याआधीच ओळखण्याची सवय मला त्या पायऱ्यांनीच लावली असावी. तिने भलरी म्हटली. टाळ्या पडल्या.

मेसनबाई निदान समोर दिसत होत्या. संस्थेचा हात दिसत नाही. जमीन-मालमत्तेच्या व्यवसायात पैसा केलेल्या विल्यम हार्मन यांनी १९२२ मध्ये फाउंडेशन काढले. १९२६ पासून काळ्या कलावंतांना बक्षिसे, १९२८ पासून प्रदर्शने. साफसफाईची कामे करत चित्रे काढणाऱ्या पामर हेडनला पहिले सुवर्णपदक मिळाले आणि तो पॅरिसला जाऊ शकला. ही गोष्ट लहान नव्हे. पण १९३४ मध्ये चित्रकार रोमेर बेअर्डेनने या प्रदर्शनांवर कडक टीका केली. कलेच्या कसोटीऐवजी कौतुकाची सवलत लावली जाते आणि त्याने कलावंताचे नुकसान होते, असा त्याचा रोख होता. ‘तुमच्या मानाने चांगले आहे’ हे वाक्य आपल्या कवितेनेही पुष्कळ ऐकलेले आहे.

मग सारा पैसा विषारीच का? तसे म्हणणे सोपे आहे, खरे नाही. सिअर्स रोबक कंपनीच्या ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीने १९२८ ते १९४८ या काळात शिष्यवृत्त्या दिल्या. जेकब लॉरेन्सने त्या पैशातून हार्लेममध्ये खोली भाड्याने घेतली आणि दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतराची साठ चित्रे १९४१ मध्ये पुरी केली. त्यांत तुरुंग आहे, दंगल आहे, जाळलेली घरे आहेत. आनंदी, रंगीत काही नाही का, असे त्याला कोणी विचारले नाही. राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन यांनाही हाच हात मिळाला. मात्र याच निधीने हर्स्टनला डॉक्टरेटसाठी जाहीर केलेली शिष्यवृत्ती मध्येच कापली. अभ्यासक्रम तिने आखायचा की त्यांनी, यावर बिनसले होते.

पुढे फोर्ड फाउंडेशन आले. १९६७ मध्ये त्याच्या पैशावर ‘नीग्रो एन्सेम्बल कंपनी’ ही नाट्यसंस्था उभी राहिली. हार्लेममध्ये नव्हे, शहराच्या खालच्या भागात; आणि पहिले नाटक पीटर वाइस या गोऱ्या नाटककाराचे. त्याच्या दोनच वर्षे आधी हार्लेममध्येच अमीरी बराकांनी काढलेले नाट्यगृह सरकारी मदत आटताच बंद पडले होते. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर मोठ्या फाउंडेशनांना अचानक काळ्या संस्था दिसू लागल्या, कोट्यवधी डॉलर जाहीर झाले. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कलांसाठी मंजूर केलेली अनुदानेच मागे घेतली. ऋतू पालटतो तसा पैसा येतो आणि जातो.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. त्याच्या यादीत कलाही आहे. शब्द पाहा: वारसा, ऐतिहासिक वास्तू, सार्वजनिक ग्रंथालये, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसाय. भीमराव कर्डकांचा जलसा यात कुठे बसवायचा? परंपरेवर आसूड ओढणारी कला पारंपरिक कशी ठरणार? मेसनबाईंनाही पारंपरिकच हवे होते.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर होते. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले, आणि राहायला जागा मिळाली नाही. पैसे देणाऱ्याने विद्या दिली, त्याच्या राज्याने छप्पर दिले नाही.

रोझेनवाल्ड यांच्या नावाच्या सुमारे पाच हजार शाळा दक्षिणेत उभ्या राहिल्या. अट अशी की स्थानिक लोकांनीही आपला वाटा उचलावा. रोझेनवाल्ड यांचा वाटा ४४ लाख डॉलरच्या आसपास. खंडाने शेती करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या काळ्या माणसांनी जमवले ते सुमारे ४७ लाख. शिवाय जमीन, लाकूड, अंगमेहनत निराळी. सरकारी शाळांसाठी कर त्यांनी आधीच भरलेला होता. अनेक शाळांच्या भिंतीवर रोझेनवाल्ड यांचे छायाचित्र असे.