राखीव माणसांची विमाने

'राखीव' या शब्दात दुय्यमपणा दडलेला आहे, असे आम्ही समजत होतो. अमेरिकी हवाई दलाच्या राखीव वाहतूक तुकड्यांचा इतिहास वाचताना तो समज ढळला. ऑगस्ट १९५० मध्ये शिकागो येथील ४३७ वी ट्रूप कॅरिअर विंग कोरियन युद्धासाठी सेवेत बोलावली गेली. नोव्हेंबरमध्ये तिची सी-४६ विमाने जपानमधून रसद वाहू लागली. १९६८ पासून नियमित दलाचीच विमाने राखीव वैमानिकही चालवू लागले. २००५ साली कॅटरिना वादळानंतर मायदेशातच न्यू ऑर्लिन्समधून रुग्ण हलवण्याच्या कामात राखीव तुकड्या होत्या.

आम्हांस मात्र ऑक्टोबर १९६२ अधिक विचारात पाडतो. क्यूबाच्या पेचप्रसंगात २४ राखीव वाहतूक स्क्वॉड्रन्ससह १४,००० हून अधिक माणसांना बोलावणे आले. नोकरी-व्यवसाय बाजूला ठेवून ती हजर झाली. आक्रमण झालेच नाही; नोव्हेंबरअखेर ती घरी परतली. युद्धाचा इतिहास लढायांच्या क्रमाने लिहिला जातो. मग न झालेल्या लढाईसाठी उंबरठा ओलांडलेल्या या माणसांची नोंद त्यात कोठे करावी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासलेखनाच्या आपल्या कल्पनेलाच द्यावे लागेल.