‘पुरेशी व विशेष कारणे’ : बलात्काराच्या शिक्षेचा भारतीय इतिहास

1860 साली संमत झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 376 मध्ये बलात्कारासाठी जन्मठेपेचे काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंतची कैद अशी शिक्षा सांगितली होती. मात्र ती किती वर्षांहून खाली येऊ नये हे कोठेच नसल्यामुळे, दोषी ठरलेल्या आरोपीने किती काळ तुरुंगात राहायचे हा प्रश्न शतकाहून अधिक काळ सर्वस्वी न्यायाधीशांच्या विवेकावर राहिला. या विवेकात गुन्ह्याच्या गांभीर्याबरोबर स्त्रीच्या चारित्र्याचाही हिशेब मांडला जात असे, आणि पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांचे मूळ या हिशेबात आहे.

मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरून एकाला एक व दुसऱ्याला पाच वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत या मुद्द्यावर भर देत, दोघांचीही मुक्तता केली. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रियांचे मोर्चे निघाले, आणि त्या रेट्यातून 1983 ची दुरुस्ती आली. तिने प्रथमच किमान शिक्षा ठरवली : सर्वसाधारण प्रकरणात सात वर्षे, तर पोलिसांनी किंवा सामूहिकरीत्या केलेल्या बलात्कारासाठी दहा वर्षे.

तथापि त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे मुख्य नियमाला अपवाद करणारी पुरवणी, जोडलेले होते. ‘पुरेशी व विशेष कारणे’ निकालपत्रात नोंदवली की न्यायालयाला किमान मर्यादेखाली उतरता येई, आणि ही पळवाट किती रुंद होती हे लवकरच दिसले. 1989 मध्ये हरियाणातील दोन पोलिसांची दहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने, पीडितेच्या वर्तनाचा उल्लेख करून, पाच वर्षांवर आणली. कर्नाटकातील एका प्रकरणात तर अत्याचारित मुलगी सात-आठ वर्षांची असूनही, आरोपी अशिक्षित आहे, दारूच्या आहारी गेलेला आहे, त्याच्यामागे म्हातारी आई व बायकामुले आहेत, ही उच्च न्यायालयाला पुरेशी कारणे वाटली आणि दहाची चार वर्षे झाली. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ शिक्षा कायम केली आणि आरोपीची वा पीडितेची सामाजिक प्रतिष्ठा शिक्षा ठरवताना गैरलागू आहे असे बजावले. तरीही 2011 मध्ये, दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि घटना जुनी झाली म्हणून, सामूहिक बलात्काराच्या आरोपींना भोगलेल्या साडेतीन वर्षांवर सोडण्यात आले. तडजोडीला शिक्षा कमी करण्याचे कारण मानणे हा पीडितेवर दबाव आणण्याला दिलेला परवानाच होता.

2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने फाशीची शिफारस टाळली. संसदेने मात्र काही प्रकारांसाठी ती स्वीकारली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 2013 मध्ये ते परंतुक रद्द केले. 2018 मध्ये सात वर्षांची किमान मर्यादा दहावर गेली आणि सोळा वर्षांखालील मुलींच्या बाबतीत वीसवर. न्यायाधीशाच्या हाती कमी करण्यासारखे फारसे उरले नाही, पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांपैकी केवळ सुमारे 27 टक्क्यांत आरोप सिद्ध झाला, आणि उरलेल्या खटल्यांत किमान शिक्षेचा प्रश्नच उद्भवला नाही.