सहकारी रुग्ण (वैद्यकीय नीतिशास्त्र)

सहकारी रुग्ण म्हणजे ज्या रुग्णालयात एखादी व्यक्ती नोकरी करते, त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून उपचार घेणारी व्यक्ती. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, लिपिक, कक्षसेवक, सफाई कामगार या सर्वांचा त्यात समावेश होतो. अशा वेळी दोन प्रश्न उद्भवतात. पहिला गोपनीयतेचा : रुग्णाच्या आजाराची माहिती सहकाऱ्यांपर्यंत कितपत जावी? दुसरा पक्षपाताचा : ओळखीमुळे त्याला इतर रुग्णांच्या आधी अथवा वेगळे उपचार मिळावेत काय? वैद्यकीय नीतिशास्त्र या दोन्ही प्रश्नांना एकाच तत्त्वाने उत्तर देते. उपचारांच्या काळात ती व्यक्ती केवळ रुग्ण असते. म्हणून तिचे हक्क इतर रुग्णांपेक्षा कमीही नसतात आणि अधिकही नसतात.

स्वरूप

सामान्य रुग्णाची माहिती रुग्णालयात ज्यांच्या हाती पडते, ते बहुधा त्याला अनोळखी असतात. सहकारी रुग्णाची माहिती मात्र त्याच्यासोबत रोज काम करणाऱ्यांच्या हाती पडते. केसपेपर, प्रयोगशाळेची नोंदवही, शस्त्रक्रियांची यादी, औषधांची चिठ्ठी, देयक आणि वैद्यकीय रजेचा अर्ज या प्रत्येक टप्प्यावर आजाराचे नाव कोणाच्या तरी नजरेस येते. पुष्कळदा माहिती द्वेषाने नव्हे, तर आपुलकीने फुटते. प्रकृतीची चौकशी करण्यासाठी कोणी नोंद उघडतो आणि ऐकलेली बातमी पुढे जाते.

क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, व्यसनाधीनता, वंध्यत्व आणि गर्भपात यांच्या बाबतीत याचे परिणाम गंभीर असतात. कर्मचारी आजार लपवितो, तपासणी टाळतो किंवा दुसऱ्या गावी जाऊन उपचार घेतो. निदानास झालेला विलंब त्याला बाधतो. आजार संसर्गजन्य असल्यास त्याच्या देखभालीतील रुग्णांनाही धोका पोहोचतो. त्यामुळे कर्मचाऱ्याची गोपनीयता हा इतर रुग्णांच्या सुरक्षिततेशीही निगडित असलेला विषय आहे.

वर्धा जिल्हा

वर्धा जिल्ह्यात दोन मोठी अध्यापन रुग्णालये आहेत. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाचा आरंभ महात्मा गांधींच्या हयातीत झाला. गांधी जन्मशताब्दीच्या काळात, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्धा शहरात शासनाचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. लहान गावातील मोठ्या रुग्णालयात नोकरी, शेजार आणि उपचार ही तिन्ही नाती सहज एकत्र येतात. म्हणून हा प्रश्न येथे महानगरापेक्षा अधिक जवळचा ठरतो.

कर्मचाऱ्यांच्या आजाराचा धोका किती वास्तव आहे, हे सेवाग्राम येथे झालेल्या एका अभ्यासातून दिसते. तेथील ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयरोगाच्या सुप्त संसर्गासाठी त्वचा-चाचणी व रक्त-चाचणी करण्यात आली. सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांमध्ये दोहोंपैकी किमान एक चाचणी सकारात्मक आली. हा अभ्यास २००५ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुप्त संसर्ग म्हणजे प्रत्यक्ष रोग नव्हे. तथापि, अशा तपासणीत कर्मचारी स्वेच्छेने सहभागी व्हावेत, यासाठी निकाल गुप्त राहील हा विश्वास आवश्यक असतो.

रोगामुळे माणसावर बसणाऱ्या शिक्क्याचा अनुभव या जिल्ह्याला जुना आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी कार्य सुरू केले. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना कुष्ठरोग असताना गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले व स्वतः त्यांची शुश्रूषा केली.

अरुणा शानबाग प्रकरण

सहकारी रुग्णाचे महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या जवळपास बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. या संपूर्ण काळात परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना त्यांचे हितचिंतक प्रतिनिधी मानले आणि त्यांचे जीवनरक्षक उपचार थांबविण्यास परवानगी नाकारली.

या प्रकरणाला गोपनीयतेचीही बाजू आहे. हल्लेखोरावर जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांसाठी खटला चालला. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात नव्हता. शानबाग यांची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून ही बाब पुढे आणली गेली नाही, असे या प्रकरणावरील लेखनात नमूद आहे. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क असून तिचा निर्णय शक्य तेथे रुग्णानेच घ्यावयाचा असतो. येथे रुग्ण बोलू शकत नव्हती आणि निर्णय इतरांनी घेतला. सहकाऱ्यांची निष्ठा असाधारण असली, तरी ती रुग्णाच्या संमतीची जागा घेऊ शकते काय, हा प्रश्न या प्रकरणातून उभा राहतो.

कायदेशीर तरतुदी

रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा दंडक चरकसंहितेत वैद्याच्या दीक्षेच्या प्रसंगी सांगितला आहे. आधुनिक भारतात पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत :

भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक आचारविषयक विनियम, २००२ : डॉक्टरने व्यवसायाच्या ओघात कळलेली रुग्णाची गुपिते उघड करू नयेत. न्यायालयाचा आदेश, निश्चित व्यक्तीला अथवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळविण्यायोग्य रोग हे अपवाद आहेत. क्षयरोग २०१२ पासून कळविण्यायोग्य रोग आहे. मात्र ही माहिती आरोग्य यंत्रणेस द्यावयाची असते, सहकाऱ्यांस नव्हे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ : मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ : तपासणीसाठी माहितीपूर्वक संमती आवश्यक केली असून नोकरीतील भेदभावास मनाई आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. कामाच्या ठिकाणी संसर्गाचा धोका असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने व प्रतिबंधक उपचार पुरविण्याचे बंधन त्यात आहे.

न्यायनिर्णयांपैकी मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या प्रकरणी एचआयव्हीबाधित कामगाराला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली. काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ संसर्गामुळे नोकरी नाकारता येणार नाही, असेही स्पष्ट केले. ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ (१९९८) या खटल्यातील रुग्ण स्वतः डॉक्टर होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयतेचा हक्क निरपवाद नसल्याचे म्हटले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

पक्षपात

कर्मचाऱ्याला मिळणारी सवलत अनेक रूपांत आढळते : बाह्यरुग्ण विभागातील रांग टाळणे, केसपेपर न काढता तपासून घेणे, खाट अथवा तपासणीची तारीख आधी मिळविणे. याचा पहिला फटका रांगेत थांबलेल्या रुग्णाला बसतो. खेड्यातून आलेल्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि परतीची बस ठरलेली असते.

दुसरा फटका खुद्द कर्मचाऱ्यालाच बसतो. वऱ्हांड्यात उभ्या उभ्या सांगितलेल्या औषधाची नोंद राहत नाही, पूर्वेतिहास विचारला जात नाही आणि संकोचामुळे पूर्ण शारीरिक तपासणी होत नाही. कधी याउलट अनावश्यक तपासण्यांचा मारा होतो. विशेष वागणुकीमुळे उपचारांचा दर्जा खालावण्याच्या या प्रकाराला १९६४ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ वॉल्टर वाइनट्रॉब यांनी ‘व्हीआयपी सिंड्रोम’ असे नाव दिले.

प्रत्येक प्राधान्य मात्र पक्षपात नसते. सुई टोचलेल्या परिचारिकेला एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. तिला थांबविणे चुकीचे ठरेल. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या कोविड लसीकरणात आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रथम स्थान होते, कारण त्यांना धोका अधिक होता आणि त्यांच्यावर इतरांचे उपचार अवलंबून होते. डॉक्टरांनी सहव्यावसायिकांवर व त्यांच्या अवलंबित कुटुंबीयांवर विनामूल्य उपचार करण्यात आनंद मानावा, असे २००२ चे विनियमही सांगतात. परंतु ही सवलत शुल्काची आहे, रांगेतील क्रमाची नाही. वैद्यकीय गरज, कामातून आलेला धोका किंवा जाहीर नियम यांवर आधारलेले प्राधान्य इतर रुग्णांना उघडपणे समजावून सांगता येते. वशिल्याच्या बाबतीत ते शक्य नसते.

नियोक्ता आणि उपचारकर्ता

सहकारी रुग्णाच्या बाबतीत रुग्णालयाच्या दोन भूमिका असतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक हे कर्मचाऱ्यांचे प्रशासकीय प्रमुख असतात, तसेच रुग्णसेवेचेही प्रमुख असतात. उपचारांतून कळलेली माहिती बदली, बढती अथवा शिस्तभंगाच्या निर्णयात वापरली जाऊ नये, असे नीतितत्त्व आहे. रजेसाठी आस्थापना शाखेला सामान्यतः एवढेच कळणे पुरेसे असते की कर्मचारी कामास योग्य आहे की नाही, आणि नसल्यास किती दिवस. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीच्या प्रकरणात निदान व देयके जोडावी लागत असल्याने ती मोहोरबंद पाकिटात हाताळणे इष्ट मानले जाते.

संरक्षणाच्या पद्धती

संगणकीय नोंदींमध्ये कोणी, कोणती नोंद, कधी उघडली याचा माग ठेवता येतो. अमेरिकेत २००९ मध्ये आठ बाळांना जन्म देणाऱ्या एका मातेची नोंद विनाकारण पाहिल्याबद्दल कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे रुग्णालयाने अनेक कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. राज्य शासनाने रुग्णालयास अडीच लाख डॉलर दंड केला. कागदी केसपेपरमध्ये असा माग राहत नाही, म्हणून तेथे शिस्तीवर अधिक भर द्यावा लागतो. सर्वसाधारणपणे पुढील उपाय सुचविले जातात :

कर्मचाऱ्याचाही नियमित केसपेपर काढावा आणि उपचार नोंदीनिशी करावेत.
प्रत्यक्ष उपचारात सहभागी नसलेल्यांनी नोंद उघडू नये, मग हेतू काळजीचा असला तरीही.
शक्य असल्यास रुग्णाच्या स्वतःच्या विभागातील सहकाऱ्याऐवजी अन्य डॉक्टरने उपचार करावेत. तसेच दुसऱ्या रुग्णालयात जाण्याची मुभा द्यावी.
भेटीस कोणी यावे आणि सहकाऱ्यांना काय सांगावे, हे रुग्णालाच विचारावे.
व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सहकाऱ्याच्या आजाराची माहिती अथवा अहवाल टाकू नये.

हेही पाहा

वैद्यकीय नीतिशास्त्र
अरुणा शानबाग
महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, सेवाग्राम
खासगीपणाचा हक्क