निवृत्तांची गावं कशी वसली?

हल्ली महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक विषय हमखास निघतो. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, आता रिटायर झाल्यावर राहायचं कुठे? न्यू जर्सीचा बर्फ आणि प्रॉपर्टी टॅक्स दोन्ही नकोसे झालेले असतात. कोणी टॅम्पाचं नाव घेतं, कोणी फीनिक्सचं, आणि एखादा तरी 'शेवटी आपलं पुणंच बरं' म्हणतो. प्रत्येकाला हा आपल्या घरापुरता प्रश्न वाटतो. पण अमेरिकेत गेल्या शंभर वर्षांत लाखो लोकांनी तो आपल्याआधी सोडवून पाहिला आहे, आणि त्यांच्या उत्तरांचं पुढे काय झालं हेही आता दिसतं आहे.

आपल्याकडे म्हातारपणी गाव सोडून काशीला जायची रीत होती, पण ते जाणं मरणासाठी होतं. जगण्यासाठी, आणि तेही मजेत जगण्यासाठी, परका प्रदेश निवडायचा तर आधी पोटापाण्याची गाठ गावापासून सुटावी लागते. शेत, दुकान किंवा कर्ता मुलगा यांच्यावर म्हातारपण अवलंबून असेतो माणूस हलणार कसा? ती गाठ पेन्शनने सोडवली. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये वयाच्या सत्तरीपासून पेन्शन देणारा कायदा केला. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५ मध्ये झाला. तिथला पहिला मासिक चेक ३१ जानेवारी १९४० चा आहे. तो व्हर्माँटच्या आयडा मे फुलर यांना मिळाला, रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. रकमेपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की तो चेक टपालाने येई आणि पत्ता बदलला तरी येई. 'पेन्शनरांचं पुणं' वसलं त्यामागेही हेच होतं. सरकारी नोकरीतून मोकळी झालेली मंडळी कोरडी हवा आणि ओळखीची माणसं पाहून तिथे घर बांधत, कारण पैसे कुठेही पोचत होते.

अमेरिकेत ही माणसं आधी फ्लोरिडाकडे वळली. १९१९ मध्ये टॅम्पाच्या एका पार्कात 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची संघटना निघाली. मोटारीला तंबू बांधून हिवाळ्यापुरते दक्षिणेत येणारे हे लोक. १९२४ मध्ये फ्लोरिडाने राज्याचा आयकर आणि वारसा कर घटनेनेच बंद केले. पैसेवाल्या म्हाताऱ्यांना दिलेलं ते उघड आमंत्रणच होतं. सेंट पीटर्सबर्ग शहर तर रस्त्याकडेच्या हिरव्या बाकांमुळे प्रसिद्ध झालं. उत्तरेकडून आलेले आजी-आजोबा दिवसभर त्यांवर गप्पा मारत बसत. कृष्णवर्णीयांना मात्र त्या बाकांवर बसायला मज्जाव होता. पुढे १९६० च्या दशकात, शहराची 'म्हाताऱ्यांचं गाव' ही ओळख पुसावी म्हणून ते बाक हटवायला सुरुवात झाली. ज्यांच्या पैशावर गाव वाढलं त्यांचंच गावाला ओझं वाटू लागलं.

मग म्हाताऱ्यांनी वेगळंच गाव का करू नये? ॲरिझोनात फीनिक्सजवळ १९५४ मध्ये बेन श्लायफर यांनी यंगटाउन वसवलं, ते याच विचाराने. त्याच्या शेजारी, कापसाच्या शेतांवर, डेल वेब या बड्या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' खुली केली. मुलानातवंडांपासून दूर, वाळवंटात कोण येणार, असं जाणकार म्हणत होते. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख लोक पाहायला आले. १९६२ मध्ये वेब 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकले.

एअर कंडिशनर घरोघर पोचला नसता तर फीनिक्सच्या उन्हाळ्यात हे जमलंच नसतं, हे खरं. पण ऊन तर ॲरिझोनात आधीपासून होतंच. वेब यांनी घरं विकण्याआधी गोल्फचं मैदान, पोहण्याचा तलाव, करमणूक केंद्र आणि दुकानं बांधून दाखवली. गिऱ्हाईक घराबरोबर दिनक्रम विकत घेत होतं, आणि त्या दिनक्रमात सोबतीला असणारे समवयस्क शेजारी. नोकरी सुटल्यावर सोमवारी सकाळी करायचं काय, या भीतीवर त्यांना इलाज मिळाला होता.

या इलाजाची किंमतही होती. सन सिटीत शाळकरी मुलांच्या कुटुंबांना जागा नव्हती, पण शाळांचा कर मात्र रहिवाशांना लागू होता. पिओरियाच्या शाळा-जिल्ह्याने नव्या इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे म्हटले की सन सिटीची मतं विरोधात पडत. प्रस्ताव एकामागून एक कोसळले आणि अखेर १९७० च्या दशकात सन सिटीला त्या जिल्ह्यातून वेगळं काढलं गेलं. आयुष्यभर शाळांसाठी कर भरलेल्या माणसांना 'आता पुरे' वाटणं समजू शकतं. पण मुलं नजरेआड झाली की ती मनाआडही होतात, हेही त्यात दिसलं.

दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. गोल्फचं मैदान पहिल्या दिवसापासून तयार होतं. बॉसवेल हॉस्पिटल सुरू झालं १९७० मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. साठीच्या उमेदीत आलेले लोक तोवर सत्तरीत गेले होते. गाव मोटार आणि गोल्फ कार्ट चालवणाऱ्यांसाठी आखलेलं. ज्याला गाडी चालवता येईनाशी झाली, त्याच्यासाठी तेच रुंद रस्ते लांबचे झाले.

यूजीन लिटवाक आणि चार्ल्स लाँजिनो या अभ्यासकांनी १९८७ मध्ये हा क्रम नीट मांडला. निवृत्तीनंतरचं स्थलांतर एक नसतं, तीन असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. पहिलं हवापाणी आणि मौजेसाठी, जोडीने आणि धडधाकट असताना. दुसरं, जोडीदार गेल्यावर किंवा शरीर थकल्यावर, मुलांजवळ. तिसरं, घरच्यांनाही निभावेनासं झालं की शुश्रूषागृहात. फ्लोरिडात गेलेले कित्येक जण पुढे उत्तरेकडे निघून अर्ध्या वाटेवर नॉर्थ कॅरोलायनात थांबतात. त्यांना तिथे 'हाफबॅक' म्हणतात. आणि बहुसंख्य म्हातारी माणसं तर राज्य सोडतच नाहीत, हेही विसरू नये.

या इतिहासात आपला धागा १९६५ मध्ये येतो. ३० जुलैला मेडिकेअरच्या कायद्यावर सही झाली आणि ३ ऑक्टोबरला नव्या इमिग्रेशन कायद्यावर. पहिल्याने म्हाताऱ्यांना घरापासून दूर जायचं धैर्य दिलं आणि डॉक्टरांची मागणी वाढवली. दुसऱ्याने आपल्या डॉक्टर-इंजिनियरांना दार उघडलं. ज्यांनी सन सिटीच्या पिढीला तपासलं, त्यांच्याच हातात आता मेडिकेअरचं कार्ड आहे. त्यांच्यापुढे फ्लोरिडातलं 'द व्हिलेजेस' आहे. २०१० ते २०२० या दशकात ते देशातलं सर्वांत वेगाने वाढलेलं महानगर क्षेत्र ठरलं. तिथून फार लांब नसलेल्या टवारेस गावात 'शांतिनिकेतन' ही भारतीयांची वसाहतही आहे. शाकाहारी जेवण, देवघर आणि आपली भाषा कळणारे शेजारी हवेत, ही ओढ आणि डेल वेबच्या गिऱ्हाइकांची ओढ एकाच जातीची आहे.

पण आपण एक स्थलांतर आधीच केलेलं आहे. पंचविशीत देश सोडताना परतीची वाट मनात असते. साठीनंतर सोडलेल्या गावातले मित्र, डॉक्टर, मंडळ, नाटकाचा ग्रुप पुन्हा नव्याने जमवावं लागतं, आणि त्यासाठी हातात वर्षं कमी असतात. पुण्याचा विचार करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सोशल सिक्युरिटीचे पैसे अमेरिकी नागरिकाला भारतात मिळू शकतात, पण मेडिकेअर सहसा सीमेपलीकडे येत नाही. म्हणजे चेक जातो, दवाखाना जात नाही.

म्हणून यादीत हवामान, कर आणि घराच्या किमती यांबरोबर आणखी एक रकाना असावा. गाडीची किल्ली सोडून दिल्यावर, आणि दोघांपैकी एकच उरल्यावर, इथे मंगळवारी दुपारी दार कोण वाजवेल? बासष्टाव्या वर्षी गाव निवडायचं खरं, पण ते ब्याऐंशीतल्या माणसासाठी. त्या माणसाला विचारल्याशिवाय सही करू नये.